बिनसणाचं भरीत

यंदा आपल्याकडं सण नाही,
आई फोनवर एवढंच म्हणाली.
म्हणजे चंपाषष्ठीला भालोदमध्ये
घरोघरी कपाशीच्या काड्या पेटतील,
वांगी फुगतील, सुस्कारे टाकतील,
आणि आपलं अंगण तेवढं झाडून कोरं राहील.
बापूंना जाऊन सात महिने.

बंगळुरूहून निघताना पिशवीत
सहा अ‍ॅव्होकाडो टाकले.
कशाला, ते मलाही धड सांगता आलं नसतं.
भुसावळला उतरून रिक्षात बसले
तर मांडीवर सहा गोटे.

हिरामणकाकानं एक उचलून ओट्यावर वाजवला.
"हे फय हाये का पाटा-वरवंट्याचं पिल्लू?"
मग पिशवीच घेऊन गेला,
केळीच्या फण्यांत खुपसून वर गोणपाट टाकलं.
"केय कोन्हालेबी पिकवते. दोन रोज थांब."

तिसऱ्या दिवशी देठाजवळ अंगठा दाबला
तर तो आत गेला, हळूच,
दमून बसलेल्या माणसाच्या खांद्यात जावा तसा.

षष्ठीची संध्याकाळ.
सगळ्या गल्लीचा धूर आमच्या दारापर्यंत येऊन
तिथंच घोटाळत होता.
आई दाराकडं पाठ करून डाळ निवडत बसलेली,
निवडलेलीच डाळ.
मी स्टुलावर चढून माळ्यावरून बडगी काढली.
लाकडाची, नावेसारखी, पालथी पडलेली.
तिला बापूंशिवाय कुणाचा हात नव्हता.
भरीत ठेचणं बाप्यांचं काम,
आणि बाप्यांतही फक्त त्यांचं:
दोन ठोके जवळजवळ, तिसरा जरा थांबून.

"सण नाही म्हटलं ना."
"हे वांगं नाही, आई."

आईनं सरूआत्याकडं पाहिलं.
गावातलं सुतक-सोयर सरूआत्या बोटांवर मोजते.
तिनं फळ हातात घेतलं, वास घेतला,
पुन्हा घेतला, वास नव्हताच.
"याचं नाव कोन्त्याच पोथीत नाही," म्हणाली,
"मंग दोष लागीन कसा?"

मग काय.
मिरच्या आणि लसूण तव्यावर तडतडले,
शेंगदाणे तळले, कांद्याची पात चिरली,
पिवळा-हिरवा गर चमच्यानं निघत गेला,
लोण्याहून मऊ,
मुसळ उगारण्याइतकाही विरोध त्याच्यात नव्हता.
तरी मी ठेचलं.
माझे ठोके भलतेच पडत होते.
वरून लिंबू पिळलं, काळं पडू नये म्हणून.
चाळीस वर्षांचा धूर त्या लाकडात मुरलेला,
त्यानं परक्या फळाला विचारलं नाही
तू कुठलं, कुणाचं.
दिला थोडा.

दुखवट्याच्या घरी शेजारचे ताटं आणतात,
ठेवतात, उभ्या उभ्या निघतात.
यंदाही आले तसेच,
भरताच्या वाट्या, कळण्याच्या पुऱ्या,
पण बडगी मधोमध पाहून
आधी नरखेड्यांची सून टेकली,
मग तिची सासू, मग पोरं,
मग कुणी मोजलं नाही.
सहा फळं आणि वीस-बावीस माणसं,
एकेका पुरीला बोटभर.
"साबनावानी लागते," एक पोरगा ओरडला
आणि बडगीचा काठ निपटून खाल्ला.

हिरामणकाकानं घास घोळवला,
डोळे मिटले,
"मीठ कमी हाये."

हे बापूंचं वाक्य.
दर साली, पहिल्या घासाला,
मीठ कितीही असो.
सगळे चघळायचे थांबले.
काकाच्याही उशिरा लक्षात आलं,
तो नुसताच पुरीकडं बघत राहिला.
आई उठली,
चिमूटभर मीठ आणलं,
बडगीवर हात झटकला आणि म्हणाली,
"आता पाहा."

रात्री तिनं बडगी राखेनं घासली,
गरम पाण्यानं धुतली, पुन्हा घासली,
नाकाजवळ नेली.
"वास जात नाही," म्हणाली.

कशाचा, मी विचारलं नाही.
सहा बिया तिनं पुसून
बापूंच्या चष्म्याच्या खणात ठेवल्या होत्या.